आग्या मोहोळाखाली

अजून माझी उजवी पापणी पूर्ण उघडत नाही. दुकानात आलेलं गिऱ्हाईक आधी माझ्या डोळ्याकडे बघतं आणि मग स्वतःचा चष्मा विसरून विचारतं, "मॅडम, काय झालं?" नाशिकला माझं चष्म्याचं दुकान आहे. दुसऱ्यांच्या डोळ्यांवर पोट असलेल्या बाईचा डोळा असा सुजलेला, त्यामुळे प्रत्येकाला काहीतरी सांगावं लागतं. मी म्हणते, सातपुड्यात फिरायला गेलो होतो, मधमाश्या चावल्या. ते खरंच आहे. पण त्या प्रवासात मला खरा हादरा बसला तो मधमाश्यांनी नाही, आणि तो गिऱ्हाइकाला उभ्याउभ्या सांगता येत नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

बरोबर हर्षदा होती. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. नेचे हा तिचा विषय. ओल्या खडकांवर, झऱ्याकाठी उगवणारी ही बिनफुलांची झाडं ती सोनाराच्या नजरेने बघते. अशीच एकदा चष्म्याचा नंबर तपासायला ती माझ्या दुकानात आली होती. तपासणी लवकर संपली, गप्पा संपल्या नाहीत. आता बरीच वर्षं आम्ही एका घरात राहतो. सोसायटीत आम्ही 'रूम पार्टनर', तिच्या घरी मी 'मैत्रीण'. माझ्या घरी खरं कळलं, तेव्हापासून भाऊ माझा फोन उचलत नाही.

नर्मदेच्या काठावरच्या एका घळीत एक दुर्मीळ नेचा असल्याचं तिला कळलं होतं. नवरात्र संपलं, पाऊस उघडला, आणि आम्ही निघालो.

म्हसावद

हर्षदाचं माहेर म्हसावदच्या शिवारात. केळी, पपई, थोडा कापूस. माझं लहानपण भाताच्या मुलखात गेलं, त्यामुळे सकाळी सकाळी पुढ्यात उडीद-ज्वारीच्या पिठाची कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि कच्चं तेल आलं की मी अजूनही बिचकते. हर्षदाच्या आईंना, काकूंना, ते ठाऊक आहे.

"खाय ले वं, लाजू नको," म्हणत त्यांनी ठेच्यावर आणखी तेल ओतलं. काकू बुटक्या, बोलायला कमी. मी त्यांच्याकडे पूर्वी येऊन गेले होते, पण तब्येत कशी आहे आणि भाकरी अजून हवी का, यापलीकडे आमचं बोलणं कधी गेलं नव्हतं.

हर्षदाचे वडील, आबा, पपईच्या फोडी कापत होते. सुरी न थांबवता ते म्हणाले, "रविवारले धुयाथून पाव्हना येई ऱ्हायनात. पोऱ्या इंजिनिअर शे. जंगल-बिंगल देखी ल्या, पन शनवारलगून खाले उतरी या."

 हर्षदाला बघायला धुळ्याची मंडळी येणार होती आणि ते तिला आता, पपईबरोबर सांगितलं जात होतं. मी तिच्याकडे पाहिलं. ती ठेच्यात भाकरी बुडवत होती.

"बरं," ती म्हणाली.

काकू उठून चुलीकडे गेल्या. त्यांची पाठ मला दिसत होती. मी मनात म्हटलं, झालं, या घरात सगळ्यांचं ठरलेलं आहे.

धडगाव

म्हसावद सोडलं की केळीची सपाटी एकाएकी संपते आणि डोंगर उभा राहतो. जीप खच्चून भरलेली होती. माझ्या मांडीवर कोणाची तरी कोंबडी, पायाशी आमचूरची पोती. वळणं अशी की शेजारच्या बाईचा खांदा आणि माझा खांदा प्रत्येक वळणाला नव्याने ओळख करून घेत होते. खाली दऱ्यांत ज्वारीचे तुकडे आणि विखुरलेली घरं. आमच्याकडे गाव म्हणजे घराला घर लागलेलं. इथे हाक मारली तर ऐकू जाईल, इतक्या अंतरावर एकेक घर असतं.

मी आणि हर्षदा बोलत नव्हतो. अशी स्थळं आधीही आली होती. प्रत्येक वेळी ती "बघू" म्हणायची, आणि प्रत्येक वेळी ती मंडळी आपोआप गळून जायची. कधी पत्रिका जुळली नाही, कधी नुसताच निरोप आला नाही. "माझं नशीब चांगलं आहे," ती म्हणायची. मला त्या नशिबावर विश्वास ठेवायचा कंटाळा आला होता.

धडगावला तहसील कचेरीसमोर आम्ही भजी खाल्ली. दुसऱ्या जीपने रस्ता संपेपर्यंत गेलो, पायवाटेने नदीकडे उतरलो आणि तिथून होडीत बसलो.

नर्मदाकाठ

धरणाचं पाणी डोंगरांच्या कुशीत शिरून तिथे नदीचा समुद्र झाला आहे. पाण्यातून मेलेल्या झाडांचे शेंडे वर आलेले दिसतात, त्यांवर बगळे बसलेले असतात. होडीवाल्याचं नाव जामसिंग. पावरा समाजातला, पन्नाशीचा, हसरा माणूस. त्याच्याच घरी आमची राहायची सोय होती. त्याची बायको रमीलाबाई आश्रमशाळेत शिकलेली, त्यामुळे मराठी छान बोलायची. आपसात ती दोघं पावरीत बोलायची, ते मला एक अक्षर कळत नव्हतं.

बांबूच्या भिंतींचं, मातीने लिंपलेलं मोठं घर. दुपारी जेवायला ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ आणि अंबाडीची भाजी. डाळीत अख्ख्या मिरच्या होत्या. हर्षदाने सवयीने माझ्या ताटातल्या मिरच्या उचलून स्वतःच्या ताटात टाकल्या. रमीलाबाई ते बघत होती.

"तुम्ही दोघी एकाच घरात राहता?"

"हो," मी म्हटलं.

"मग देज कोणी कोणाला दिलं?"

देज म्हणजे मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाला लग्नात द्यायचं मोल. त्यांच्यात तशी रीत आहे. आमच्याकडे उलटं, मुलीच्या बापानेच वाकायचं. तो फरक मला नंतर सुचला. त्या वेळी मला जोराचा ठसका लागला आणि डोळ्यांतून पाणी आलं. इतकी वर्षं शेजाऱ्यांपासून, दुकानातल्या पोरींपासून जे लपवलं, ते या बाईने चार मिरच्यांवरून ओळखलं होतं.

हर्षदा हसली. "कोणीच नाही दिलं."

"फुकट?" रमीलाबाई म्हणाली. "मग भांडण झालं तर कोण कोणाला परत पाठवणार?"

ती चेष्टा करत होती की खरंच विचारत होती, मला कळेना. जामसिंगने तिला पावरीत काहीतरी विचारलं. तिने सांगितलं. त्याचा हसरा चेहरा मावळला. हात धुऊन तो बाहेर गेला आणि त्यानंतर त्याने आमच्याशी बोलणं सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी होडीत बसताना त्याने आदल्या दिवसासारखा हात पुढे केला नाही. मी स्वतःच तोल सावरत चढले.

घळ

पाण्याची एक चिंचोळी शेपूट दोन कड्यांमध्ये शिरते, तिथे होडी लागली. जामसिंग होडीतच थांबला. आम्ही झऱ्याच्या कडेने वर निघालो.

सातपुडा म्हणजे सागाचं कोरडं जंगल, असंच मी समजत होते. ही घळ वेगळीच निघाली. ऊन आत येत नव्हतं. खडकांवर बोटभर जाडीचं शेवाळ, झाडांवरून लोंबणाऱ्या वेली, आणि पाण्याच्या आवाजात बुडालेला एक हिरवा अंधार. उजवीकडे सरळसोट कडा होता. त्याच्या पोटाला काळे, अर्धगोल, परातीएवढे डाग दिसत होते.

"आग्या मोहोळ," हर्षदा कुजबुजली. "मोठ्याने बोलू नकोस."

मी मोठ्याने बोलले नाही, पण बोलल्यावाचून राहवलंही नाही. "रविवारी तू काय करणार आहेस?"

"आत्ता?"

"मग कधी? तू तिथे 'बरं' म्हणालीस."

ती एका खडकापाशी थांबली. "शर्वरी, आबा मला घरातून काढतील. ते मी सोसेन. पण माय त्या घरात एकटी राहील आणि रोज त्यांचं ऐकेल. मला ते जमत नाहीये."

"आणि मी?"

 उत्तर द्यायला तिने तोंड उघडलं, ते मी पाहिलं. तेवढ्यात वरून काहीतरी सणकन आलं. घारीसारखा एक मोठा पक्षी कड्यावर आदळला, पोळ्याचा एक लचका तोडून पंख फडफडवत निघून गेला. क्षणभर काहीच झालं नाही. मग तो काळा डाग कड्यावरून सुटला.

तो आवाज मी विसरू शकत नाही. आभाळच गुरगुरत खाली आल्यासारखं वाटलं.

हर्षदा ओरडली, "पळ." मी पळाले, पहिल्याच उडीत घसरले आणि चष्मा गेला. चष्म्याशिवाय मला हातभर पुढचंही धड दिसत नाही. कपाळावर, ओठांवर, पापण्यांवर ठिणग्या पडाव्यात तसे डंख बसू लागले. हर्षदा माझ्या खूप पुढे गेली होती. ती तशीच पाण्यापर्यंत पोचली असती. ती परत आली. तिने पाठीवरचं प्लास्टिकचं इरलं माझ्यावर टाकलं, मला त्यात गुंडाळलं आणि ओढत, फरफटत झऱ्याच्या डोहाकडे नेलं. इरलं एकच होतं. ती बाहेर होती.

डोहात आम्ही नाकापर्यंत बुडून राहिलो. श्वास घ्यायला वर आलं की त्या होत्याच. मी इरल्याखाली तिला ओढायचा प्रयत्न केला, तेव्हा तिचं अंग जड लागलं. "उलटी होतेय," ती म्हणाली, आणि मग काही बोलली नाही. तिचं डोकं मी पाण्याबाहेर धरून ठेवलं होतं. तिच्या केसांत अजून माश्या वळवळत होत्या.

मग धुराचा वास आला. ओलं गवत पेटवून, अंगावर घोंगडी घेऊन जामसिंग वर येत होता. आदल्या दुपारपासून आमच्याशी एक शब्द न बोललेल्या त्या माणसाने हर्षदाला खांद्यावर टाकलं, माझा हात स्वतःच्या कमरेच्या फडक्यात खोचला आणि म्हणाला, "सोडू नको."

पुढचं मी डोळे मिटूनच अनुभवलं, कारण ते उघडतच नव्हते. होडी. रमीलाबाईचा आवाज. तिने माझे भिजलेले कपडे काढले आणि पिशवीत हाताला लागला तो हर्षदाचा स्वेटर मला घातला. मग पुन्हा होडी. काठापासून रस्त्यापर्यंत गाडी जात नाही, म्हणून तिथली माणसं आजारी माणसाला बांबूला बांधलेल्या झोळीत घालून नेतात. बाळंतिणींनासुद्धा असंच नेतात, असं रमीलाबाई चालता चालता सांगत होती. पुढे हर्षदाची झोळी, मागे रमीलाबाईचा हात धरून मी. "ती श्वास घेतेय का?" मी विचारायची. पुढून जामसिंग उत्तर द्यायचा, "घेतेय." मी पुन्हा विचारायची. तो पुन्हा सांगायचा. एकदाही वैतागला नाही.

पुन्हा धडगाव

दवाखान्यात आम्हाला वेगवेगळं नेलं, आणि जामसिंगने म्हसावदला निरोप धाडला. मला इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं, तोंडावर ओलं फडकं टाकलं. माझे ओठ इतके सुजले होते की बोललेलं नर्सला समजत नव्हतं. "ती दुसरी" एवढं मी म्हणत राहिले. ती "हो हो, पडून राहा" म्हणत राहिली. मग गुंगी आली.

जाग आली तेव्हा पापण्यांवर ऊन जाणवत होतं. दुसऱ्या दिवसाची सकाळ असावी. कोणीतरी माझ्या उशाशी बसलं होतं, आणि एक खरखरीत तळहात माझ्या केसांवरून फिरत होता.

"हर्षू," काकूंचा आवाज होता. माझ्या अंगात अजून हर्षदाचाच स्वेटर होता. "काय करी लिधं वं हाई? कितलं सुजेल शे तोंड."

मी घशातून आवाज काढला. तो शब्द झाला नाही.

"बोलू नको. मीच बोलस. तुन्हा बाप गाडी लाई ऱ्हायना, तो येवाना पहिले माले बोलू दे." त्या माझ्या कानाशी वाकल्या. तंबाखूच्या मिश्रीचा वास आला. "माले समदं ठाऊक शे, माय. तुम्ही दोन्ही कशा ऱ्हातीस ते. नाशिकले उनी व्हती तवयच समजनं माले."

त्या एकदा नाशिकला आमच्याकडे येऊन गेल्या होत्या, तेव्हाच त्यांनी ओळखलं होतं. 

"शिरपूरनं स्थळ कोनी मोडं? मीच मोडं. दोंडाईचानं बी मीच. त्यास्ले फोन करीसन सांगं, मन्ही पोरले फिट येतीस." त्यांचा हात थांबला आणि पुन्हा फिरू लागला. "धुयावालास्ले बी कालदिन सांगं. दुसरं काय सांगतू मी? खरं सांगतू का?"

म्हणजे हर्षदाचं ते चांगलं नशीब हे होतं. ही बाई चुलीशी पाठ करून बसायची आणि मग गुपचूप फोन लावून आपल्याच पोरीला आकडी येते असं जगाला सांगायची. रडावं की हसावं, मला कळेना. दोन्ही करायला तोंड नव्हतं.

"ती पोर चांगली शे ना?" काकूंनी विचारलं. "ती चष्मावाली? जीव लावस ना तुले? मारत-बिरत नही ना?"

मी हात उचलला, थांबवण्यासाठी. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला. हर्षदाची करंगळी लहानपणी कडबा कापण्याच्या यंत्रात गेली होती, तिचं टोक नाही. काकूंची बोटं माझ्या करंगळीपाशी आली आणि ती अख्खी होती.

त्यांनी ती पुन्हा एकदा टोकापर्यंत चाचपली.

"तू हर्षू नही."

मी मान हलवली.

"तू ती शे."

मी पुन्हा मान हलवली. त्यांनी हात सोडला नाही. मग त्या खुर्ची पाडत उठल्या. "मंग मन्ही पोर कोठे शे?"

तो प्रश्न मला कालपासून कोणालाच विचारता आला नव्हता. त्या वॉर्डभर तो ओरडत गेल्या. मी सलाईनची नळी ओढून खाली उतरले आणि भिंतीला धरून त्यांच्या आवाजामागे चालू लागले. नर्स धावत आली. "अहो, ती ऑक्सिजनवर होती, आता बरी आहे. पलीकडच्या खोलीत आहे. चला, तुम्हाला नेते."

हर्षदा उशीला टेकून बसली होती, असं मला सांगण्यात आलं. माझी डावी पापणी फटीएवढी उघडली होती, तिच्यातून मला फक्त एक धूसर आकार दिसत होता. काकू तिच्या पायांवर डोकं ठेवून रडत होत्या. मी चाचपडत तिच्यापाशी गेले. तिने माझा हात घेतला आणि सोडला नाही, आईसमोरसुद्धा.

काकूंचं रडणं थांबलं. "या पोरले मी हर्षू समजीसन समदं सांगी दिधं," त्या तिला म्हणाल्या, आणि ती स्थळांची गोष्ट त्यांनी स्वतःच पुन्हा सांगितली. हर्षदा ऐकत राहिली. आधी ती हसली, मग हसता हसता तिचा आवाज फुटला.

"माय, आख्खा तालुका माले फिट येतीस अस समजस?"

"समजू दे."

दारात आबा उभे होते. ते कधी आले, कोणालाच कळलं नव्हतं. "कोनले फिट येतस?" त्यांनी विचारलं.

  मला वाटलं, आता हर्षदा 'काही नाही' म्हणेल आणि मी ते ऐकून घेईन. जी मुलगी माझ्यासाठी त्या माश्यांत परत आली होती, तिच्याकडून आणखी काही मागायचं माझ्यात त्राण नव्हतं.

"माले फिट-बिट काही येतस नही, आबा," ती म्हणाली. सुजलेल्या ओठांतून शब्द सावकाश येत होते. "मी लगीन करनार नही. शर्वरी मन्ही नुसती मैतरीन नही. आम्ही दोन्ही संसार करतस, बरीच वरीस झायात. मायले आते खोटं बोलाले लावू नका."

आबा तिच्याकडे बघत होते की माझ्याकडे, मला दिसलं नाही. शेवटी ते काकूंकडे वळले. "तू लोकेस्ले असं सांगं? मन्ही पोरले फिट येतीस?"

"हा," काकू म्हणाल्या. "सांगं."

चपलांचा आवाज बाहेरच्या व्हरांड्यात गेला आणि तिथेच थांबला.

शहादा

दवाखान्यातून सोडल्यावर आबांनी आम्हाला गाडीत घेतलं. निघण्याआधी जामसिंग आणि रमीलाबाई भेटायला आली होती. जामसिंगने हर्षदाची पिशवी गाडीत ठेवली. "आमच्यात असं नसतं," तो मला म्हणाला. थोडं थांबून पुढे म्हणाला, "पण ती परत फिरली. मी खालून बघितलं." एवढंच बोलून तो रमीलाबाईच्या मागे निघून गेला.

घाट उतरला. म्हसावद आलं. केळीच्या बागा सुरू झाल्या. मला वाटलं, गाडी आता वळेल. ती वळली नाही. घराकडचा रस्ता मागे पडला तेव्हा हर्षदाने एकदाच मान वळवून पाहिलं.

शहाद्याच्या बसस्थानकावर आबांनी गाडी थांबवली. आमच्या पिशव्या काढून बाकावर ठेवल्या, हळू ठेवल्या, आणि परत स्टिअरिंगमागे जाऊन बसले. हर्षदा खिडकीशी गेली. त्यांनी समोर बघत म्हटलं, "जाय." मला वाटलं ते गाडी सुरू करतील. त्यांनी केली नाही.

काकू गाडीतून उतरल्या, आमच्याबरोबर बाकावर येऊन बसल्या. त्यांनी केळी सोलून दिली. माझ्यासाठी त्यांनी एका केळ्याचे बारीक तुकडे केले, कारण माझं तोंड अजून नीट उघडत नव्हतं. नाशिकची बस लागली तेव्हा त्या आत चढल्या, सीटवरची धूळ पदराने झटकली, हर्षदाला खिडकीपाशी बसवलं. मग माझ्याकडे वळल्या.

"पोहचीसन फोन कर," त्या म्हणाल्या. "हर्षू करस नही. तू कर."

माझ्याकडे त्यांचा नंबर नव्हता. इतक्या वर्षांत त्याची कधी गरज पडली नव्हती. हर्षदा आपला फोन पुढे करत होती, पण काकूंनी तो बाजूला सारला आणि स्वतः एकेक आकडा सांगू लागल्या. चष्मा नसल्याने मी फोन नाकाला लावून, चुकत-माकत ते टाकत होते. कंडक्टरने घंटी मारली. काकूंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी सगळे आकडे त्यांना परत वाचून दाखवले, ते बरोबर असल्याची त्यांची खात्री झाली, आणि मगच त्या खाली उतरल्या.